गट-प्रोजेक्ट देण्याआधी

दसऱ्याची सुट्टी संपली की शाळाशाळांत प्रोजेक्टचा मोसम सुरू होतो. फळ्यावर विषय लिहिण्याआधी गट केवढा ते ठरवा: चौघांचा, फार तर पाचजणांचा. माक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोरी ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला, आठजणांत तो जवळपास निम्म्यावर आला. पटत नसेल तर मैदानावर रस्सीखेच लावा आणि मागच्या दोघांचे हात बघा.

गट पाडताना हुशार कोण, कच्चं कोण हे तुम्ही बघालच. बसच्या वेळाही बघा. आमच्या बेळगावात जवळच्या येळ्ळूर गावचा मुलगा सायकल मारत शहरातल्या टिळकवाडीत येईल, पण लांबच्या जांबोटीकडच्या मुलीची बस चुकली की तिची संध्याकाळ गेली. 'रविवारी आमच्या घरी जमूया' हे तिला जमणारं नाही. म्हणून आठवड्याला दोन तास शाळेतच राखून ठेवा.

खरी मेख भाषेची. समजा, विषय आहे १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष होते ते हे एकमेव अधिवेशन, आणि त्याच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. सरकारी कागद कन्नडमध्ये, वडिलांकडून ऐकलेलं सांगणारे शेजारचे आजोबा मराठीत, अहवाल इंग्रजीत. मग घरी कन्नड बोलणाऱ्या पोराच्या मागे सगळे लागतात, 'तूच वाच की रे!' तो रात्री बसून पानंच्या पानं लावतो आणि कौतुक होतं मुखपृष्ठ रंगवणाऱ्याचं. तेव्हा कामाच्या तक्त्यात भाषांतराचा रकाना वेगळा आखा, त्याला गुण ठेवा. बाकीच्यांनाही कन्नडचं निदान एकेक पान स्वतः वाचायला लावा, शाळेत शिकतातच की! आणि आजोबांना दोन प्रश्न त्या कन्नड पोरानं मराठीतून विचारू देत.

तक्त्यात 'मदत करणे' असलं काही लिहू देऊ नका. 'सहा प्रश्न काढून गुरुवारी दाखवणे' असं लिहा, पुढे सही. झेरॉक्स-चार्टपेपरच्या खर्चाला मर्यादा घाला. थर्माकोलच्या विकतच्या मॉडेलला माझा तर सरळ नकार असतो.

गुण निम्मे गटाला, निम्मे ज्याचे त्याला. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावरचा एक प्रश्न विचारा. मुलांकडून एकमेकांना गुण मागवलेत तर दोस्तीखात्यात पैकीच्या पैकी पडतात. त्याऐवजी 'याने केलेलं एक काम लिही' अशी चिठ्ठी घ्या. कोरी चिठ्ठी आली की समजून जा. आणि कुणी काम टाळत असेल तर पहिली तारीख चुकली त्याच दिवशी सर-बाईंच्या कानावर घालायचं, हे वर्गात आधीच सांगून ठेवा. आदल्या रात्री आई-वडिलांचे फोन यायला लागले की कुणाचीच बाजू धड ऐकता येत नाही.