फराळाच्या टेबलावर फुलांची परात: दिवाळीसाठी घरच्या घरी सजावट

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हौसेनं माळ्यावरचं पितळी घंगाळ काढलं, चिंच लावून लखलखीत घासलं आणि डायनिंग टेबलाच्या मधोमध ठेवून पाणी-फुलांनी भरलं. दिसत होतं झकास. नरकचतुर्दशीला पहाटे सगळे न्हाऊन फराळाला बसले, तेव्हा लक्षात आलं की बश्यांना जागाच नाही. चिवड्याचा डबा फ्रिजवर गेला, लाडवांचा कुणाच्या तरी मांडीवर, आणि समोरासमोर बसलेल्या दोघी जावांना एकमेकींची तोंडं दिसेनात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी चकली मांड, मग फुलं."

तेव्हापासून मी तोच क्रम पाळते. खरं तर जेवणाजवळची सजावट आपल्याला काही नवी नाही. पंगतीत ताटाभोवती रांगोळी असायची, महिरप असायची. पण ती जमिनीवर, आणि जमिनीला जागेची ददात नव्हती. टेबलावर जागा मोजून मिळते, म्हणून पहिलं काम टेप घेऊन मोजण्याचं.

आधी माप

घरातलं डायनिंग टेबल साधारण 90 सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट रुंद असतं. दोन्ही बाजूंना ताटली, वाटी आणि कोपर मिळून प्रत्येकी 30 ते 35 सेंटिमीटर जातात. मधे उरतात 20 ते 30. एवढीच जागा आपली. टेबल याहून अरुंद असेल तर मधे काही मांडायच्या फंदात पडू नका, भिंतीकडच्या टोकाला मांडा.

उंचीसाठी टेप नको. खुर्चीवर बसा, कोपर टेबलावर टेकवा आणि मूठ हनुवटीखाली धरा. मुठीच्या वर काहीही जाता कामा नये.

काय काय लागेल

- 25 सेंटिमीटरची परात किंवा पसरट थाळा, काठ निदान 4 सेंटिमीटर उंच
- परातीच्या काठाहून थोडी उंच, जड बुडाची एक वाटी
- मातीची एक पणती
- झेंडू पाव किलो, शेवंती मूठभर
- आंब्याची आठ-दहा पानं
- वात, आणि तेल किंवा तूप

पितळी परात असली तर उत्तम. स्टीलची असेल तरी संकोच नको, केशरी झेंडू स्टीलमध्ये उलट जास्त खुलतो. हल्ली दक्षिणेकडच्या पद्धतीच्या उरळ्या, म्हणजे पसरट तोंडाची धातूची भांडी, दुकानांतून मिळतात. सुंदर असतात, पण एका सणासाठी तेवढे पैसे घालायची गरज मला तरी वाटत नाही.

फुलं निवडताना

दसरा-दिवाळीला बाजारात येणारा बहुतेक झेंडू हारासाठी, देठाशिवाय तोडलेला असतो. फुलदाणीला तो निरुपयोगी, पण पाण्यावर तरंगवायला अगदी हवा तसा. आदल्या दिवशी आणलात तर पिशवीत तसाच ठेवू नका. ढिगात ऊब धरते आणि सकाळपर्यंत मधली फुलं काळवंडतात. ओल्या फडक्यावर एका थरात पसरून ठेवा. मांडायच्या आधी फुलं पाण्यातून हलकी काढा, कारण त्यांवर फवारणी झालेली असू शकते आणि शेजारी खायचे पदार्थ आहेत.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी मात्र या टेबलावर अजिबात नको, कितीही छान दिसली तरी. दोन्ही झाडं विषारी आहेत, आणि लहान मुलाचा हात फुलाकडून शंकरपाळ्याकडे कधी जातो ते कळत नाही. रुईही नको, तिचा चीक डोळ्यांना घातक असतो. निशिगंधाला माझी ना वेगळ्या कारणासाठी आहे. देवघरात तो हवाच, पण टेबलावर ठेवला की अनारशाला तुपाचा वास येतोय की फुलाचा, ते समजत नाही. सुगंधी मेणबत्त्यांचंही तेच.

इमारतीखाली पारिजातक असेल तर पहाटे एक ओंजळ वेचून आणा. तो पहाटेच गळतो आणि ऊन चढलं की मान टाकतो. नरकचतुर्दशीच्या फराळापुरतं त्याच्यासारखं फूल नाही. पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ पाण्यावर सुरेख दिसतात.

मांडणी

1. नवी पणती असेल तर आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा, मग पुसून वाळवा. कोरी माती तेल पिते, भिजवल्यावर कमी पिते.

2. पितळेची परात चिंच आणि मीठ लावून घासा, धुऊन लगेच कोरडी करा. चिंचेतल्या आम्लानं वरचा काळपट थर निघतो. तशीच ओली ठेवलीत तर पुन्हा डाग पडतात.

3. आधी फराळाच्या ताटल्या मांडून बघा, मग परातीची जागा ठरवा. परात रिकामीच ठेवा आणि पाणी जागेवर, पुढच्या पायरीतली वाटी ठेवल्यावर, तांब्यानं भरा. 25 सेंटिमीटरच्या परातीत 3 सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास दीड लिटर. भरलेली परात स्वयंपाकघरातून आणायचं धाडस मी एकदा केलं होतं. निम्मं पाणी टेबलक्लॉथनं पिऊन टाकलं.

4. पाणी भरण्याआधीच मधोमध वाटी पालथी घाला. तिचं बूड पाण्याच्या वर राहायला हवं. त्यावर पणती.

हे वाटीचं कशाला, तरंगते दिवे मिळतात की, असं कुणी म्हणेल. मिळतात, आणि टेबलावर पंखा नसेल तर छानच दिसतात. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लागतोच. मग तरंगते दिवे वाऱ्यानं सरकत एका काठाशी गोळा होतात आणि तिथल्या फुलांना चटके देतात. वाटीवरची पणती जागची हलत नाही, चहूबाजूंनी पाणी असतं आणि ठिणगी पडली तरी विझते. पंखा मंद ठेवा म्हणजे झालं.

5. आंब्याची पानं काठावर टोकं बाहेर करून, एकमेकांवर थोडी चढवून लावा. देठं पाण्यात राहू द्या. पानांनी काठ झाकला की परात कसलीही असो, कुणी बघत नाही.

6. आता झेंडू. मोठी फुलं काठाला, लहान आत. गोल पूर्ण भरायचा मोह आवरा. मधे पाण्याचं बोटभर रिंगण मोकळं सोडा, ज्योतीचं प्रतिबिंब तिथेच पडतं. शेवंती झेंडूच्या फटींत. सुटलेल्या पाकळ्या टाकू नका म्हणतात, पण त्या पाण्यात कुजतात आणि पाणी गढूळ होतं. त्यांची दारात रांगोळी करा.

7. पणतीत तेल काठापर्यंत भरू नका, पाऊण पुरे. मी तूप आणि फुलवात वापरते. फुलवाती वितळलेल्या तुपात भिजवून बर्फाच्या साच्यात घालते आणि फ्रिजमध्ये थिजवून ठेवते. पहाटे नुसती एक वडी पणतीत ठेवायची. कुणाचा धक्का लागला तरी तूप लगेच सांडत नाही.

पणती सगळे बसल्यावर लावा आणि उठताना मालवा. टेबलावरून पलीकडे हात जातो तो ओढणी, पदर घेऊनच जातो.

चार दिवस टिकवायचं तर

रात्री फुलं चाळणीत काढा, पाणी कुंडीला घाला आणि परात पुसून ठेवा, नाहीतर पितळेवर पाण्याची रेघ उमटते. सकाळी ताजं पाणी, तीच फुलं. झेंडू आणि शेवंती असे तीन-चार दिवस सहज काढतात. गुलाबाच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशीच कडेनं तपकिरी होतात, म्हणून त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपुरत्याच.

परदेशात असाल आणि झेंडू मिळत नसेल, तर अमेरिकेत शरद ऋतूत दुकानादुकानांत 'मम्स' नावानं ज्या कुंड्या विकायला असतात, ती आपली शेवंतीच. एक केशरी, एक पिवळी कुंडी घेतली की फुलं खुडून परात भरते.

पाणी आणि आग दोन्ही नको असेल तर

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर धान्याची रांगोळी काढा. रांगोळीची पूड दगडाची असते, ती जेवणाच्या टेबलावर नको. ताटात पुठ्ठ्याची गोल कडी ठेवून आत तांदूळ, बाहेर मसूर डाळ, मग मूग डाळ असे पट्टे भरा आणि कडी अलगद उचला. चमच्याच्या देठानं टोकं ओढली की कमळ होतं. मधे बॅटरीचा दिवा ठेवला तरी चालेल, मी तरी एक सुपारी आणि तिच्याभोवती लवंगा ठेवते.

भाऊबीजेच्या रात्री, चार दिवसांच्या गोडाधोडानंतर कुणालाच जड जेवण नको असतं. सुपारी आणि लवंगा बाजूला काढून ते ताट तसंच चाळणीत ओतायचं, धुऊन घ्यायचं, आणि हळद-हिंग घालून कुकरला लावायचं.