तझहीबमधलं सोनं चमकत नाही, तडकतं, दगडाला चिकटतं: या चुका टाळा

कुराणाची पानं असोत की फारसी दिवाणं (काव्यसंग्रह), हस्तलिखितांवरच्या सोनेरी सजावटीला तझहीब म्हणतात, तुर्कीत तेझहिप. शब्दाच्या मुळाशीच अरबी ‘ज़हब’ म्हणजे सोनं आहे. शिकणाऱ्याला यातली चूक कळते ती शेवटी, मोहरा फिरवताना. मोहरा म्हणजे घोटण्याचा अकीकाचा दगड. सोनं तपकिरी दिसतं, तडकतं किंवा दगडाबरोबर उठून येतं, आणि मग लोक दगड बदलतात, जोर वाढवतात. पण बिघाड बहुधा आधीच झालेला असतो: सोनं खलताना, धुताना किंवा सरस घालताना.

वर्ख निवडताना

स्वस्त पितळी वर्ख घेऊ नका. त्यात तांबं असतं आणि डिंकाच्या ओलाव्यात ते हिरवं पडतं. मिठाईवरचा चांदीचा वर्खही नको, तो काळा होतो. २३ किंवा २४ कॅरेटचा सुटा वर्ख घ्या. कागदाला चिकटवलेला वर्ख ताटलीत नीट सुटत नाही. ८ सेंटिमीटर चौरस अशा २५ पानांत जेमतेम ०.३ ग्रॅम सोनं असतं, म्हणून पहिल्या खेपेला एवढीच पानं घ्या.

खलणं: घाई आणि जास्त पाणी

सर्वांत जास्त सोनं इथेच वाया जातं. नक्षी नसलेली, गुळगुळीत चिनी मातीची मोठी ताटली घ्या. अरबी डिंकाचं मधासारखं दाट पाणी करून त्याचा रुपयाएवढा थेंब मधोमध ठेवा. बोटाला थोडा डिंक लावून वर्खाचं एकेक पान उचला आणि गोल गोल खला. सगळी पानं एकदम टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे फुटत नाहीत.

मिश्रण बोटाला ओढ देईल इतकं चिकट राहिलं पाहिजे. सोन्याचे कण फाटतात ते या ओढीमुळेच. पातळ डिंकात ते नुसते घसरत राहतात. ताटली कोरडी पडली की दोन-तीन थेंबच पाणी टाका. २५ पानांना दोन-तीन तास सहज लागतात. झालं की नाही हे पाहायला टाचणीच्या डोक्याएवढं मिश्रण पेलाभर पाण्यात सोडा. लकाकणारे चपटे तुकडे वेगळे दिसले तर अजून खलायचं आहे. सगळं पाणी एकसारखं गढूळ-सोनेरी झालं तर पुरे. बसण्याआधी अंगठ्या काढा आणि हाताला क्रीम लावू नका, कारण तेलकटपणा पुढे शाईपर्यंत त्रास देतो.

धुणं: डिंक मागे राहतो

बोटं आणि ताटली शुद्ध केलेल्या पाण्याने धुऊन ते सगळं तलम रेशमी कापडातून उंच पेल्यात गाळा. झाकून ८ ते १२ तास हलवू नका. साका बसला की वरचं पाणी अलगद ओता, नवं घाला, पुन्हा निवळू द्या. असं किमान तीनदा. एकाच धुण्यावर भागवलं की डिंक सोन्यात राहतो, सोनं मातकट दिसतं आणि सुकल्यावर तडकतं. ओतायच्या पाण्यात जांभळट किंवा हिरवट झाक दिसली तर तेही सोनंच आहे, फार बारीक. वेगळ्या भांड्यात ठेवा, ते उशिरा बसतं.

सरस: कमी की जास्त?

सरस म्हणजे इथे जिलेटिनचं पाणी, धुतलेलं सोनं त्यात कालवून रंगवतात. १०० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम जिलेटिन, हे सुरुवातीचं प्रमाण. गार पाण्यात १५ मिनिटं भिजवून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, पकड जाते. मग वापरण्यापूर्वी चाचणी घ्या: ज्या कागदावर काम करणार त्याच्याच तुकड्यावर तीन चौकोन रंगवा, एक या प्रमाणाने, एक निम्म्या सरसाने, एक दीडपट सरसाने. सुकल्यावर बोट फिरवा. बोटाला सोनं लागलं तर सरस कमी आहे. घोटल्यावर गुळगुळीत पण तपकिरी, निस्तेज दिसलं तर जास्त. ज्या शाकाहारी लोकांना जिलेटिन वापरायचं नसेल त्यांनी अरबी डिंकाचं अगदी पातळ पाणी वापरावं. ती रीतही जुनीच आहे, फक्त झळाळी थोडी कमी येते.

कागद आणि कुंचला

साध्या कागदात सोनं तंतूंत मुरतं आणि कितीही घोटलं तरी चमकत नाही. तुर्की पद्धतीत कागदाला आहार देतात, म्हणजे खळ किंवा तुरटी फिरवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर, आणि मग तो घोटतात. आपल्याकडे घोटलेली वसली, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेला जाड कागद, चालते. पेन्सिलची रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकट ठेवा, नाहीतर ती सोन्याखाली करडी दिसते. सोनं जड असल्याने तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी कुंचला बुडवण्याआधी ढवळा. थेंब आकारात ढकलत न्या. अर्धवट सुकलेल्या जागी पुन्हा कुंचला नेलात की तिथे खड्डा पडतो.

घोटणं आणि तहरीर

सोनं पूर्ण सुकू द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सरस हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि दगड सोनं उपटतो. अशा दिवसांत रात्रभर थांबणं बरं. कागदाखाली काच ठेवा, आधी गुळगुळीत पातळ कागद मध्ये घालून घोटा, मग थेट. मंद झाक हवी असेल तर मधला कागद काढूच नका.

तहरीर, म्हणजे काजळीच्या शाईची कडेची बारीक रेघ, घोटून झाल्यावरच. आधी काढली तर दगड ती फरफटत नेतो. घोटलेल्या सोन्यावर शाई थेंबाथेंबाने आकसत असेल तर हाताचं तेल लागलंय. हाताखाली कोरा कागद ठेवा आणि शाईत बैलाच्या पित्ताचा कणभर थेंब घाला. रंगाची जमीन आणि फुलं त्यानंतर.

वाटीतलं सोनं जास्त सरसाने बिघडलं असेल तर टाकू नका. गरम पाणी घालून ढवळा, गार होऊन निवळू द्या, वरचं पाणी ओता. दोनदा केलं की सरस निघून जातो आणि तळाला तेच सोनं पुन्हा वापरायला मिळतं.