शेवंड की मोठी कोळंबी? टेबलावर ठेवून बघा

आकारावर जाऊ नका, नांग्यांवर तर मुळीच नको. काटेरी शेवंडीला मोठ्या नांग्या नसतातच, आणि गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या नराला मात्र चांगल्या लांबलचक असतात! शिजल्यावर दोन्ही लालच होतात, त्यामुळे रंगही कामाचा नाही.

खरी खूण शरीराच्या ठेवणीत. कोळंबी पोहणारी, म्हणून दोन्ही बाजूंनी चपटी. सपाट जागी ठेवली की कुशीवर कलंडते. शेवंड तळावर चालणारी. तिची पाठ रुंद, पाय दणकट, त्यामुळे ती पोटावर नीट बसते. कवचही दाबून पाहा: कोळंबीचं पातळ, बोटांनी सहज सुटणारं, शेवंडीचं जाड, कात्रीच लागते. काटेरी शेवंडीच्या मिशा बुडाशी जाडजूड, काटेरी असतात, तेव्हा हात जपून.