गोदाम कुठे घ्यावे? सीमाभागात वितरणाचे गणित मांडताना या चुका टाळा

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव, खानापूर आणि पलीकडे महाराष्ट्रातले चंदगड-गडहिंग्लज एवढ्या टापूत पीव्हीसी पाईप व शेतीपंप पुरवणाऱ्या वितरकाने गोदामे किती घ्यावीत आणि कुठे घ्यावीत, हा प्रश्न आता संगणकावर सोडवता येतो. एवढ्या आकाराचे गणित मोफत मिळणारे सॉल्व्हरही (कमीत कमी खर्चाचे उत्तर शोधणाऱ्या संगणक-प्रणाली) थोड्या वेळात सोडवतात. (एक्सेलमधला नेहमीचा सॉल्व्हर मात्र 200 चलांपुढे, म्हणजे ठरवायच्या आकड्यांपुढे, जात नाही; 20 गावे आणि 10 संभाव्य जागा घेतल्या, की प्रत्येक जोडीचा एक आणि प्रत्येक जागेचा एक चल धरून ती मर्यादा ओलांडली जाते.) तरीही निघालेले उत्तर पुष्कळदा व्यवहारात टिकत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा दिलेल्या आकड्यांत आणि अटींत सापडते.

सरासरी बिंदूला उत्तम जागा समजणे

प्रत्येक गावाच्या मागणीला त्याच्या अक्षांश-रेखांशाने गुणून सरासरी काढायची आणि त्या बिंदूवर गोदाम घ्यायचे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. ती चूक का आहे, हे महामार्गावरच्या तीन गावांवरून दिसते. समजा, महिन्याला बेळगावात 60, संकेश्वरात 20 आणि निपाणीत 20 गाड्या माल खपतो, आणि बेळगावपासून संकेश्वर ढोबळमानाने 50 व निपाणी 75 किलोमीटरवर आहे. सरासरी काढली तर बिंदू बेळगावच्या उत्तरेला 25 किलोमीटरवर, वंटमुरीच्या आसपास येतो. तिथून तिन्ही गावांना माल पोहोचवण्याचे एकूण काम 3000 गाडी-किलोमीटर होते. गोदाम बेळगावातच ठेवले, तर ते 2500 भरते. म्हणजे पाचशे गाडी-किलोमीटर दर महिन्याला विनाकारण वाढतात.

असे होते, कारण सरासरी बिंदू अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करतो, आणि वाहतूकदार भाडे घेतो ते साध्या अंतरावर, वर्गावर नव्हे. साध्या अंतरांची बेरीज किमान करण्याचा प्रश्न आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये उद्योगांच्या जागेसंदर्भात मांडला होता आणि वाइसफेल्ड यांनी 1937 मध्ये तो टप्प्याटप्प्याने सोडवण्याची पद्धत दिली. रस्त्यांच्या जाळ्यासाठी हकिमी यांनी 1964-65 मध्ये दाखवलेली गोष्ट व्यवहारात अधिक उपयोगी आहे: एकूण भारित अंतर (मागणी गुणिले अंतर, यांची बेरीज) किमान करायचे असेल, तर उत्तम जागांचा निदान एक संच गावांवर किंवा चौकांवरच सापडतो. त्यामुळे माळरानावरचा बिंदू शोधण्यापेक्षा प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या आठ-दहा जागांची यादी करून त्यांतून निवड करणे गणितालाही धरून आहे आणि व्यवहारालाही.

गावांची यादी न तपासता नकाशावर टाकणे

सीमाभागातल्या खातेवहीत एकच शहर कुठे बेळगाव, कुठे बेळगावी, तर कुठे बेलगाम असे लिहिलेले असते. 2014 मध्ये अधिकृत नाव बदलल्यानंतरच्या आणि आधीच्या नोंदी एकत्र केल्या, की संगणक तिथे तीन गावे धरतो आणि सर्वांत मोठी बाजारपेठ तीन तुकड्यांत विभागली जाते. खानापूरची अडचण याच्या उलट आहे. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, आणि नकाशा-सेवेला फक्त नाव दिले तर आपली मागणी शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला जाऊन बसू शकते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही आणखी एक नेहमीची चूक आहे. बेळगाव साधारण 15.85 उत्तर आणि 74.5 पूर्व येथे आहे, हे आकडे उलटे भरले तर ते नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. आकडेमोडीपूर्वी सर्व गावे एकदा नकाशावर डोळ्यांखालून घालावीत.

एका दिवसाचे भाडे आणि वर्षाचे भाडे एकाच बेरजेत

ही चूक सर्वांत महाग पडते आणि पकडलीही सहज जात नाही, कारण सॉल्व्हर कोणतीही तक्रार न करता उत्तर देतो. समजा, दुसऱ्या गोदामाचे भाडे महिना 40,000 रुपये आहे आणि त्यामुळे वाहतुकीत रोज 3,000 रुपये वाचतात. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर 4,80,000 रुपये देऊन 9,00,000 रुपयांची बचत होते, म्हणजे गोदाम घ्यायला हवे. पण उद्दिष्टाच्या, म्हणजे कमी करायच्या एकूण खर्चाच्या, सूत्रात भाडे वर्षाचे आणि वाहतूक एका दिवसाची घातली, तर दुसरे गोदाम कधीच उघडणार नाही. उलट भाडे महिन्याचे आणि वाहतूक वर्षाची घातली, तर भाडे प्रत्यक्षाच्या बाराव्या हिश्श्याइतके दिसून नको तिथेही गोदामे उघडतील. उत्तरात एकच गोदाम किंवा सगळीच गोदामे आली, की सर्वांत आधी एककेच तपासावीत. पाईपच्या बाबतीत वजनावर आधारलेला दरही फसवतो, कारण वजनाची मर्यादा येण्याआधीच गाडीतली जागा भरते.

राज्याची सीमा एक तर भिंत मानणे, नाही तर विसरून जाणे

जुलै 2017 मध्ये जीएसटी येण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरचा कर टाळण्यासाठी प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवण्याची पद्धत होती. ते कारण आता उरलेले नाही, तरी काही जण सवयीने कर्नाटक व महाराष्ट्र यांची गणिते वेगवेगळी मांडतात. मग बेळगाव जवळ असूनही चंदगडच्या दुकानदाराला माल कोल्हापूरकडून पाठवण्याचा आराखडा तयार होतो.

सीमा अजिबात न धरणेही तितकेच चुकीचे आहे. बेळगावच्या गोदामातून चंदगडच्या ग्राहकाला थेट विक्री केली, तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) लागतो आणि 50,000 रुपयांवरील मालाला ई-वे बिल काढावे लागते; महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. पण गडहिंग्लजला स्वतःचे गोदाम उघडले, की तिथे नोंदणी घ्यावी लागते. एकाच मालकाच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या कायद्याने भिन्न व्यक्ती मानल्या जातात, म्हणून बेळगावहून तिथे नुसता साठा हलवला तरी कर भरावा लागतो. त्याची वजावट पुढे मिळते, परंतु माल विकला जाईपर्यंत ती रक्कम अडकते. तिच्यावरचे व्याज आणि वेगळे हिशेब ठेवण्याचा खर्च गडहिंग्लजच्या स्थिर खर्चात धरल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

बंद गोदामातून माल निघतो तेव्हा

गोदाम उघडे असेल तरच तिथून माल जावा, ही अट लिहिताना अनेक जण उघड-बंद दाखवणाऱ्या चलाला (उघडे असेल तर 1, बंद असेल तर 0) 10,00,000 सारख्या मोठ्या संख्येने गुणतात. सॉल्व्हर पूर्णांक तपासताना थोडी सूट ठेवतात; ती 0.00001 असेल, तर शून्य मानलेल्या गोदामातूनही 10 गाड्या माल निघू शकतो. शिवाय सॉल्व्हर आधी पूर्णांकाची अट सैल करून खर्चाची खालची मर्यादा काढतो. तिथे तो गोदामाचा नगण्य अंश उघडून तेवढेच भाडे मोजतो, त्यामुळे ती मर्यादा फार खाली राहते आणि गणित तासन्‌तास संपत नाही. उपाय सोपा आहे. मोठ्या संख्येच्या जागी गोदामाची खरी क्षमता घालावी, आणि प्रत्येक गाव-गोदाम जोडीसाठी वेगळी अट लिहावी: गावाच्या मागणीचा जो हिस्सा त्या गोदामाकडे जातो, तो उघड-बंद चलापेक्षा जास्त नसावा. अटींची संख्या वाढते, पण गणित बहुधा लवकर सुटते.

उत्तर शक्यच नाही असा संदेश आला, तर आधी एकूण क्षमता एकूण मागणीला पुरते का ते पाहावे. पुरत असेल, तर प्रत्येक गावाला न पुरवलेल्या मालाचे एक चल जबर दंडासह द्यावे. ज्या गावांपाशी ते शून्याहून अधिक येते, तिथेच अटींचा संघर्ष आहे.

उन्हाळ्याचे अंतर पावसाळ्यात वापरणे

कृष्णेला पाणी वाढले, की चिकोडी भागातला कल्लोळ-यडूर बंधारा-पूल पाण्याखाली जातो आणि समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जावे लागते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे कोल्हापूरजवळ महामार्गच बंद पडला होता. म्हणून अंतराचा एकच तक्ता पुरत नाही. पावसाळ्याचा वेगळा तक्ता करून, त्यात बंद होणारे पूल काढून, तेच गणित पुन्हा सोडवावे. दोन्ही वेळा उत्तम उत्तराबरोबर त्याच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच महाग असलेले पर्यायही मागून घ्यावेत. निपाणी आणि संकेश्वर यांच्या खर्चात एवढाच फरक असेल, तर पुराच्या दिवसांत ज्या गोदामातून जास्त गावांना माल पोहोचतो, ते निवडावे.