व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दिसण्यावर जाऊ नका
आपल्या फुटाळा तलावावर रेसिंग बोटी धावत नाहीत, पण नागपुरातल्या कुणा मेकॅनिकच्या हाती तसलं इंजिन आलंच, तर आधी व्हॉल्व्ह स्प्रिंग, म्हणजे उघडलेला व्हॉल्व्ह परत मिटवणारी स्प्रिंग, तपासा. बोट लाटेवरून उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, भार सुटतो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) झपकन चढतात. थकलेली स्प्रिंग मग व्हॉल्व्ह वेळेत मिटवू शकत नाही. तो पिस्टनवर आदळतो, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर पोचवणारा दांडा) वाकतो, कधी व्हॉल्व्हचं डोकंच तुटतं. स्प्रिंग दिसते मात्र ठणठणीत, तिथंच फसगत होते. तिचा ताण स्प्रिंग टेस्टरवर मोजा. मूळ आकड्यापेक्षा 10 टक्क्यांनी उतरलेली दिसली तर अख्खा संच बदला, एकटी बदलण्याचा कंजूसपणा नको. टॅपेटची फटही (व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या यंत्रणेत राहणारी बारीक मोकळीक) दर शर्यतीनंतर वहीत लिहा. अचानक वाढली तर कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता उंचवटा) किंवा त्यावर टेकणारा लिफ्टर झिजला असण्याची शक्यता आहे, नुसती फट कमी करून झाकू नका.