ट्रेलरवर गाडी पहिल्यांदा नेताय? आधी कागद, मग काटा, मग पट्टे

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडं घरामागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जीप, पद्मिनी, मारुती ८०० लोक आता परत बाहेर काढायला लागलेत, आणि रॅली ऑफ महाराष्ट्रमुळं नाशिकमध्ये रॅलीच्या गाड्यांचा नाद तर आधीपासूनचाच, त्यामुळं "स्कॉर्पिओच्या मागं ट्रेलर जोडून गाडी अंबडच्या गॅरेजला नेली तर चालेल का" असं बरेच जण विचारतात. चालेल. पण ट्रेलर कुणाकडून तरी मागून आणला, दोरीबिरी बांधली आणि निघालो असं करू नका, खरंच सांगतोय, कारण यात दंडापेक्षा मोठा धोका अपघाताच्या क्लेमचा आहे आणि तो क्लेम घर विकायला लावू शकतो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ट्रेलर ही कायद्यानं स्वतंत्र गाडी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' ची जी व्याख्या आहे, कलम २(२८), तिच्यातच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, तरी त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, स्वतःचा नंबर लागतो आणि इन्शुरन्सही लागतो. पुढच्या गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप आला असं समजू नका. एजंटला फोनवर विचारून भागत नाही, कंपनीला मेल टाका की माझ्या अमुक नंबरच्या गाडीच्या मागं अमुक ट्रेलर जोडणार आहे, कव्हर आहे का, नसेल तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी जोडनोंद, करून द्या, आणि उत्तर लेखी घ्या. विनानोंदणी गाडी चालवली तर पहिल्या वेळी ५,००० पर्यंत दंड, इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि वर तुरुंगाचीही तरतूद आहे, पण मी म्हणतो तो विषय दंडाचा नाहीच. ट्रेलर सुटून कुणाच्या अंगावर गेला आणि पॉलिसी नसेल तर भरपाई तुमच्या खिशातून.

नंबर प्लेटचा नियम लोकांना माहीतच नसतो. कलम ६१ प्रमाणं ट्रेलरचा स्वतःचा नंबर ट्रेलरच्या बाजूला लिहायचा आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसला पाहिजे, कारण गाडीची मागची प्लेट ट्रेलरनं झाकली जाते. रात्री तो नंबर वाचता येईल असा दिवाही पाहिजे.

आता ट्रेलर आणायचा कुठून. अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनवाले भरपूर, चॅनल आणि अँगल वेल्ड करून महिनाभरात छान दिसणारा ट्रेलर देतील, पण पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, याचं पासिंग होईल का? म्हणजे टाइप अप्रूव्हलचे (डिझाइनला सरकारी मान्यतेचे) कागद, विक्रीचा फॉर्म २१ आणि रोडवर्दीनेसचा (रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा) फॉर्म २२ मिळणार का. हे नसेल तर पेठ रोडच्या आरटीओत नोंदणीचा फॉर्म २० भरून काही उपयोग नाही, एमएच १५ चा नंबर मिळणारच नाही आणि तो ट्रेलर फार्महाऊसच्या आवारातच फिरवावा लागेल. सेकंडहँड घेत असाल तर आरसीवरचा चेसिस नंबर ट्रेलरवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा, रंगाचा थर असेल तर पत्र्यावरून घासून काढा.

शेतीच्या ट्रॅक्टर ट्रॉलीत गाडी टाकून आणणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. ट्रॉलीची नोंदणी आणि पॉलिसी शेतीच्या कामासाठी असते, त्यात दुसऱ्याची कार भाड्यानं वाहणं बसत नाही, शिवाय ट्रॉलीचा हौदा उंच, गाडी वर चढवतानाच उलटायची भीती. द्राक्षाचे कॅरेट वाहायला ती उत्तम आहे, कारला नाही.

लायसनचं म्हणाल तर नेहमीचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन एलएमव्ही लायसनवर चालवता येतं, त्यामुळं आपली एसयूव्ही आणि छोटा ट्रेलर यात वजनाच्या बाजूनं अडचण येऊ नये. पण ट्रेलर खासगी नोंदणीचा असेल तर भाडं घेऊन मित्राची गाडी आणून द्यायची नाही. डिझेलचे पैसे म्हणून घेतले तरी उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले तेच धरतात.

वरच्या गाडीचं काय? तिची आरसी सोबत ठेवा, मोबाईलमध्ये डिजीलॉकरला किंवा एमपरिवहनला असेल तरी चालतं. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्यानं वाहून नेताना झालेलं नुकसान साधारणपणे धरलेलं असतं, पॉलिसीच्या कागदात 'इन ट्रान्झिट' असे शब्द शोधा. फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडीचं जे होईल ते तुमचं. रॅलीला नेत असाल तर स्पर्धेतला वापर नेहमीच्या पॉलिसीत नसतो हेही माहीत असू द्या.

आता काटा. सगळ्यात जास्त चुकतं ते वजन, कारण कुणी मोजतच नाही. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास, मारुती ८०० साडेसहाशेच्या आसपास, जुनी विलीज जीप हजाराच्या पुढं. त्यात लोखंडी ट्रेलरचं स्वतःचं वजन पाचसहाशे सहज भरतं. म्हणजे पद्मिनीसाठीच दीड टन झालं. आता तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, ग्लव्ह बॉक्समध्ये पडून असेल, त्यात ट्रेलर ओढण्याची क्षमता लिहिलेली असते, ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी वेगळी आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी बरीच कमी. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की ट्रेलर ओढू नका. तसं लिहिलं असेल तर विषय संपला, इंजिनात दम आहे म्हणून ओढायचं नाही, कारण ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड असतं. दीड टनासाठी ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्या.

मोजायचं कसं ते सोपं आहे. पिंपळगाव, लासलगावकडं कांद्याच्या ट्रॉल्या वजन करणारे भुईकाटे रस्त्याला लागूनच आहेत, तिथं काट्यावरच्या काकांना सांगा की आधी भरलेला ट्रेलर सोडवून वेगळा मोजायचाय, मग सगळं जोडून एकत्र. पावती घ्या आणि गाडीत ठेवा. ट्रेलरच्या आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय त्याच्या वर गेलात तर कलम १९४ चा ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. गाडी ट्रेलरच्या बाहेर आली, बाजूला किंवा मागं, तर त्यालाही २०,००० आहेत, म्हणून लांब गाडी आखूड ट्रेलरवर मागं लोंबकळत न्यायची नाही.

हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड, लावताना बाजारातला कुठलाही हुक बंपरला बोल्ट करून घेऊ नका. हिच चेसिसला बसली पाहिजे आणि कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेली पाहिजे. गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचा बदल केला तर कलम ५२ आड येतं. बॉल (हिचवरचा गोळा) आणि कपलर (त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) एकाच मापाचे हवेत, ५० मिलीमीटरच्या कपलरला छोटा बॉल लावला तर उभ्या गाडीत बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून निसटतो. जोडल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक खाली करून गाडीची मागची बाजू उचलायचा प्रयत्न करा, गाडी वर उचलली जाते आणि कपलर सुटत नाही म्हणजे लॉक झालंय. सेफ्टी चेन दोन, खालून एकमेकींना छेदून, म्हणजे कपलर सुटलाच तर ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यावर न पडता चेनवर झेलला जातो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) असेल तर ती गाडीच्या पक्क्या जागी अडकवा, बॉलच्या भोवती नुसती टाकू नका. मग एकाला मागं उभं करा आणि इंडिकेटर, ब्रेक लाइट, पार्किंग सगळं एकेक करून बघा.

आता गाडी चढवणं, इथं घाई करायची नाही. सपाट जागा, ओढणाऱ्या गाडीचा हँडब्रेक, चाकांना पुढं-मागं ठोकळे. ट्रेलर गाडीला जोडलेलाच असला पाहिजे, नाहीतर मागून वजन आलं की पुढचा दांडा हवेत जातो. बंद गाडी असेल तर विंचनं (दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रानं) हळू ओढा, सांगणाऱ्यानं रॅम्पच्या सरळ रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहून सांगायचं, मागं कुणी थांबायचं नाही.

गाडी कुठं थांबवायची यावर सगळा प्रवास ठरतो. वजन मागं जास्त झालं की ट्रेलर ५०-६० च्या पुढं शेपटीसारखा हलायला लागतो आणि तो आपोआप थांबत नाही, वाढत जातो. पुढं थोडं जास्त वजन पाहिजे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन दांड्यावर यायला पाहिजे, म्हणजे दीड टनाला ७५ ते १५० किलो, आणि हिचवर जी मर्यादा लिहिलीय तिच्या आत. मोजायला भंगारवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा दांड्याखाली ठेवा, मधे लाकडाचा ठोकळा, आकडा समोर दिसतो. कमी आला तर गाडी चार बोटं पुढं घ्या, परत बघा. पुढं इंजिन असलेली गाडी तोंड पुढं करूनच चढवा, वजन आपोआप पुढं येतं.

पट्टे चार, रॅचेटवाले (दातेरी हँडलनं आवळायचे), प्रत्येक चाकाला एक. पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं, त्यावर किती किलोचा आहे ते वाचा, लेबल नसलेला पट्टा घ्यायचा नाही. चाकावरून पट्टा टाकला तर गाडीचं सस्पेन्शन मोकळं राहतं आणि खड्ड्यात पट्टा ढिला पडत नाही. टायरच्या वरून पट्टा घ्या, तीन ठिकाणी टायरला घट्ट बसला पाहिजे, हूक ट्रेलरच्या कडीत आतल्या बाजूनं अडकवा, मग रॅचेट ओढत जा. टक्-टक् आवाज जड व्हायला लागला आणि टायर बाजूनं किंचित फुगलेला दिसला की बस, त्यापुढं बळ लावू नका. पट्टा कुठं पत्र्याच्या धारेवर घासत असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा मधे घाला. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, नाहीतर चाकात जातं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, काचा बंद, डिकी बंद. आत कुणीही बसायचं नाही, लहान मुलं हट्ट करतात तरी नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पहिला थांबा घ्याच. तेवढ्यात पट्टे सैल पडतात, परत आवळा, हाताच्या मागच्या बाजूनं ट्रेलरचे हब (चाकांचे मधले भाग) चेक करा, एक जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. मग दर तासाला एकदा.

सिन्नरकडून नाशिकला येताना मोहदरी घाट उतरायचा आहे, मालेगावकडून आलात तर राहुड घाट आणि मुंबईकडून असाल तर कसारा घाट लागतो. चढाला फार प्रश्न नाही, उताराला घाटाच्या आधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनवर गाडी सोडा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्यातच ब्रेक गरम होऊन पॅडल खाली जातं. ट्रेलर हलायला लागला तर जोरात ब्रेक नाही, स्टेअरिंग इकडं-तिकडं करून सरळ करायचा प्रयत्नही नाही, ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप पडू द्या. ५०-६० च्या वर जायची गरजच नाही. डावी लेन धरा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. नाशिकमध्ये द्वारका चौकात आणि पाथर्डी फाट्याला वळताना लक्षात ठेवा, ट्रेलर आतल्या बाजूनं कापतो, म्हणून वळण मोठं घ्या, आणि आतल्या बाजूला टू-व्हीलर घुसतेच, आरसा बघा. सिंहस्थाची कामं सुरू असताना कुठला रस्ता वळवलाय ते निघायच्या दिवशीच बघा, गल्लीत अडकलात तर ट्रेलर मागं घेणं नवख्याचं काम नाही. रिव्हर्सची प्रॅक्टिस रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर आधी करून घ्या. स्टेअरिंगचा खालचा भाग धरायचा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला हात न्यायचा, थोडंथोडं.

फक्त दोन किलोमीटरवर गॅरेज आहे आणि दोरीनं ओढायचं असेल तर त्याचे वेगळे नियम. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतच, ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसनवाला माणूस स्टेअरिंगवर, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, दोरी लांबून दिसेल अशी, मागं 'ऑन टो' अशी पाटी, आणि वेग अगदी कमी, २० च्या आसपास. ब्रेक लागत नसलेली गाडी दोरीनं ओढायचीच नाही.

आणि एकदाच न्यायची असेल, परत कधी ट्रेलर लागणार नसेल, तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी सपाट पाठीवर नेणारा ट्रक) बोलवा, हेच माझं स्पष्ट मत. पिवळ्या प्लेटची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, गाडी आहे का बघा, तिचा नंबर एमपरिवहनमध्ये टाकून इन्शुरन्स आणि फिटनेस चालू आहे का बघा, चढवायच्या आधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि पट्टे चाकालाच लावायला सांगा, बंपरच्या हुकाला नको. त्यांना घाई असते, तुम्ही उभं राहून सांगितलं की करतात.

गॅरेजला पोचल्यावर पट्टे सोडायच्या आधी परत चाकांना ठोकळे लावा, बंद गाडी रॅम्पवरून सुटली तर थांबवता येत नाही. आणि रिकामा ट्रेलर परत नेताना तो प्रत्येक गतिरोधकावर उड्या मारतो, रॅम्प आणि पट्टे वर मोकळे ठेवले तर वाटेत कुठंतरी पडतात, म्हणून तेही बांधून घ्या आणि वेग अजून कमी ठेवा.