जुन्या सीडी प्लेअरचा आवाज सुधारायचा असेल तर

माळ्यावरून उतरवलेला प्लेअर चालू होतो, ट्रे कुरकुरत बाहेर येतो, आणि गाणं लागल्यावर वाटतं की हा पूर्वी इतका मरगळलेला नव्हता. वाटतं ते खरं असतं. वीस-पंचवीस वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले छोटे डबे) सुकतात, लेन्सवर धूळ बसते, ग्रीसचा डिंक होतो. म्हणून महागडी आयसी (चिप) शोधायला निघण्याआधी यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हा जसं होतं तिथवर आणा. खरं काम तेवढंच आहे. बाकीचं हौसेपोटी.

नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी आतापर्यंत पाच प्लेअर उघडले. एक मारला. तो कसा, ते पुढे सांगतो.

घरात प्लेअर नसेल आणि गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा ओळखीतून जुना मिळत असेल, तर बघायला जाताना सत्तर मिनिटांची एक सीडी बरोबर न्या आणि पहिल्याऐवजी शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेर जाईपर्यंत २०० वर येते. लेझरचा डबा ज्या रुळावरून सरकतो त्यात दोष असेल तर तो बहुतेकदा बाहेरच्या कडेलाच उघडा पडतो. घरी रेकॉर्ड केलेली एक सीडीही न्या. तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे कंपनीची सीडी वाजते पण ही अडखळते असं झालं तर लेझर थकलाय असं समजा आणि किंमत पाडून मागा. शेवटी उचलून पाहा. जड असला तर आत चांगला ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता जास्त. मागे ‘डिजिटल आउट’ असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण त्याचा उपयोग मोठा आहे, तो शेवटी सांगतो.

उघडण्याआधी

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरवण्याची फुशारकी नको. एक किलोओहमचा रेझिस्टर दोन्ही टोकांना दहा-पंधरा सेकंद लावून धरा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा. चालू प्लेअरमध्ये लेन्सकडे डोळे लावून बघू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड असतो, त्यामुळे तो ‘दिसत नाही म्हणजे बंद आहे’ असं होत नाही.

आणि आपल्या नाशकातली एक खास गोष्ट. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून आयसीला हात लावलात तर अंगातली स्टॅटिक वीज ती न सांगता मारते. स्वेटर काढा आणि मधूनमधून धातूच्या चेसिसला हात लावत राहा. हे काम मी तरी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यातच करतो.

प्रत्येक वायर आणि प्रत्येक कंडेन्सरचा फोटो काढा. नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

लेन्स आणि रूळ

कापसाची काडी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करा आणि लेन्सवरून वजन न टाकता फिरवा. लेन्स अगदी बारीक तारांवर तरंगत असते, दाबली की संपली. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन लेन्सवर थर धरतं. थिनर तर अजिबात नको, लेन्स बहुधा प्लास्टिकची असते.

रुळांवरचं जुनं ग्रीस पुसून काढा आणि सिलिकॉन ग्रीस नावापुरतं लावा. खोबरेल तेल लावलेला एक प्लेअर माझ्याकडे आला होता. त्यात घरातल्या धुळीचं पीठ मळलेलं होतं. ट्रे अर्ध्यावर अडत असेल तर रबरी बेल्ट ढिला झालेला असतो. त्याच मापाचा नवा टाका, काम स्वस्तातलं आहे.

गाणं उड्या मारतं म्हणून पुष्कळ जण लेझरच्या डब्यावरचा बारीक स्क्रू फिरवतात. त्याने लेझरला करंट जास्त मिळतो, प्लेअर आठवडाभर सुरेख वाजतो आणि मग कायमचा जातो. त्याला हात लावू नका.

कंडेन्सर

मेहनतीचं फळ सगळ्यात जास्त इथे मिळतं. सुरुवात पॉवर सप्लायच्या कंडेन्सरपासून करा. मायक्रोफॅरड (साठवणुकीचं माप, अंगावर छापलेलं असतं) शक्यतो तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमान सोसणारा माल घ्या. २२०० च्या जागी ३३०० चालेल. दहा हजाराचा टाकू नका, चालू करतानाचा झटका डायोडवर येतो. अंगावरचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह बाजू. पण बोर्डवर काही कंपन्या प्लसची खूण करतात, काही मायनसची, म्हणून तर फोटो काढायला सांगितलं.

सुटे भाग एमजी रोडकडे विचारून पाहा. मिळाले नाहीत तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठा. लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळं होतं. तिथे खोटा मालही मिळतो. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त आयसी दिसली तर पुढच्या दुकानात जा.

एका वेळी एकच कंडेन्सर काढा आणि लगेच त्याच्या जागी नवा लावा. जुन्या बोर्डवरचे तांब्याचे पट्टे जास्त तापवले की उखडतात, म्हणून डाग (सोल्डरचा जोड) तीन-चार सेकंदांत सुटला नाही तर थोडं ताजं शिसं लावून पुन्हा प्रयत्न करा. दोन-तीन झाले की प्लेअर लावून बघा. सगळे एकदम बदलून मग तो बंद पडला, तर चूक शोधायची कुठे?

आउटपुटच्या वाटेवरचे छोटे कंडेन्सर सुकले असतील तर आवाज पातळ होतो. तेही बदला, पण मोठे टाकून बास वाढेल ही आशा सोडा. दहा मायक्रोफॅरडला ४७ किलोओहमचा अँप्लिफायर जोडला की बासची कापणी अर्ध्या हर्ट्झच्याही खाली सुरू होते, आणि माणसाचा कान वीस हर्ट्झच्या खाली ऐकत नाही.

ऑप-अँप

ऑप-अँप म्हणजे बाहेर जाणारा सिग्नल वाढवणारी चिप. आउटपुटला बहुतेकदा अशी आठ पायांची आयसी असते, ४५५८ किंवा ५५३२. ४५५८ असेल तर बदलण्यात अर्थ आहे. ५५३२ असेल तर ती बरी आहे, घाई नको. ओपीए २१३४ किंवा एलएम ४५६२ यांच्या पायांची रचना तीच आहे. ५५३४ मात्र एकेरी असते (आत दोनऐवजी एकच अँप्लिफायर), ती या जागी चालत नाही. जुनी आयसी काढून आधी सॉकेट बसवा, म्हणजे पुढचे प्रयोग न तापवता होतात. पाय ४ आणि ८ पासून सर्किटच्या ग्राउंडपर्यंत प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर शक्य तितका जवळ लावा, नाहीतर वेगवान आयसी आपापलीच शिट्टी वाजवू लागते. ती शिट्टी कानाला ऐकू येत नाही, आयसी तापते तेव्हा कळते.

माझा प्लेअर इथेच मेला. आयसीची खाच (तिची दिशा दाखवणारी खूण) उलटी बसवली, चालू केला, वास आला, आणि मागचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) घेऊन ती गेली. आता चालू करण्याआधी मी बायकोला बोलावतो आणि ‘खाच कुठल्या बाजूला दिसतेय?’ असं विचारतो. तिला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, म्हणूनच तिची नजर निर्मळ असते.

पाच मिनिटांनी आयसीला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको. आउटपुटच्या जॅकवर डीसी व्होल्टेज मोजा, जेमतेम काही मिलिव्होल्ट यायला हवं.

खरंच सुधारलं का?

दीड दिवस राबल्यावर कानाला सगळं गोडच लागतं. त्यावर एक उपाय मला सापडला. आउटपुटचे कंडेन्सर आधी फक्त डाव्या चॅनेलचे बदलायचे आणि मोनो रेकॉर्डिंग लावून दोन्ही बाजू आलटून पालटून ऐकायच्या. तानपुऱ्याचा झंकार आणि डग्ग्याची घुमक ऐका, गायकाकडे लक्ष नको. आयसी दोन्ही चॅनेलना एकच असल्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही. दोन प्लेअर किंवा आधी-नंतर अशी तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी सारखी हवी, कारण किंचित मोठा असलेला आवाज नेहमी चांगला वाटतो. शंभर हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवून मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघा, दोन टक्क्यांच्या आत जुळलं की पुरे. जास्त हर्ट्झचा टोन घेऊ नका, स्वस्त मीटर ५० हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतात.

क्रिस्टल (प्लेअरचं आतलं घड्याळ चालवणारा भाग) बदलण्याचाही उद्योग मी एकदा केला. मला काडीचाही फरक ऐकू आला नाही, तुम्ही वेळ घालवू नका. म्युटिंग ट्रान्झिस्टर (चालू-बंद करताना आवाज दाबणारा भाग) काढायचा सल्लाही लोक देतात. मग चालू-बंद करताना स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो.

एवढं करूनही समाधान झालं नाही आणि मागे डिजिटल आउट असेल, तर बाहेरचा डीएसी (सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) जोडा. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळी व्हिडिओ वायर ७५ ओहमची असते, ती या कामाला उत्तम. तेव्हा तुमचा प्लेअर फक्त सीडी वाचतो, बाकीचं काम डीएसीमधली नवी आयसी करते. मात्र प्लेअरच्या आत फिलिप्सची टीडीए १५४१ ही डीएसी चिप असेल तर आधी तिलाच नीट ऐका. तिच्या आवाजावर जीव टाकणारे लोक आहेत, आणि त्यांच्यात मीही आहे.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि काय काय बदललं ते लिहून ठेवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा तासभर प्लेअर चालू ठेवा, म्हणजे आतली दमट हवा ट्रान्सफॉर्मरच्या उबेने निघून जाते.